घर क्रमांक

रजिस्टरात पहिला रकाना: घर क्रमांक.
इथे दारच नाही. खडूची खूण करायची कुठे?
चार काठ्या, एक चटई,
भोपळ्यांची वाडगी एकात एक,
उद्या निघायचं म्हणून अर्धी बांधून ठेवलेली.

अबालाकच्या पुढे गाडी वाळूत रुतली.
तिथून लसीची पेटी माझ्या खांद्यावर,
पाणी सालामातूच्या.
मागच्या तळावर गोवराने तीन पोरं नेली.
माणसं पुढे आली, कबरी तिथेच राहिल्या.

वय विचारलं की दोंगे गाय दाखवते.
ही व्याली त्या साली हा.
टोळ आले, ती काळी मेली, त्या साली ही.
गायींवरून मी पोरं मोजली. अकरा.
दहा दंड पुढे आले, दहा किंकाळ्या,
एक कुपी संपली.

अकरावी जेब्बो.
वासरं घेऊन विहिरीवर गेलीय,
येईल दिवस कलताना.

सालामातूने झाकण किलकिलं केलं, लगेच दाबलं.
बर्फ कसला, पाणीच.
दुसरी कुपी फोडली तर सहा तासांत फेकायची,
एका दंडासाठी दहा डोस.
'वाया' असा वेगळा रकाना आहे
आणि तेवढाच वाचणारा एक साहेब.

बांगो काठीला रेलून बघत होता.
म्हणाला, "गुरांचा डॉक्टर दर साली येतो.
त्याने गाव नाही विचारलं कधी.
कळपामागून चालत येतो, पाण्यावर गाठतो.
गेल्या खेपेला एक लंगडं वासरू मागे राहिलं,
त्याच्यासाठी तो थांबला."

आवाज चढवला नाही त्याने.
माझ्यापाशी उत्तर होतं, निधी, मनुष्यबळ वगैरे.
गिळलं.

कुपीवरचा चौकोन
भोवतीच्या गोलापेक्षा अजून फिका होता.
तीनदा पाहिला मी.
धुळीतून आधी वासरं आली,
मग त्यांना शिव्या घालत ती.
दंडाला वाळलेलं शेण. सालामातूने पुसलं.
सुई जाताना जेब्बो रडली नाही,
एका वासराचा कान तेवढा घट्ट धरून ठेवला.

वाया: नऊ. खाली सही.
घर क्रमांकापुढे तिला विचारून
तिच्या गायीचं नाव लिहिलं.
अक्षर वाकडं आलं,
बॅटरी सालामातूच्या दातांत होती
आणि ती हसत होती.