'त्याचे' म्हणजे कोणाचे

उदगीर तहसीलसमोर, माझ्या पत्र्याखाली
दोन पोरं आली, भांडून घामेजलेली.
"काका, तुम्ही दस्त लिहिता ना? हे वाचा."

ड्रॅगनच्या पायाखाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
समोरच्याचा योद्धा पडल्यास त्याचे एक कार्ड उचला.

"त्याचे म्हणजे समोरच्याचे. हातातलं कोणतं बी," शिवलिंग म्हणाला.
"कामून? योद्ध्याचे. त्याच्याखाली लावलेली तलवार, तेवढीच," अझीम.

चष्मा पुसला. दोनदा मनात वाचलं,
तिसऱ्यांदा मोठ्यानं.

एकोणनव्वद साली मी लिहिलं होतं,
'गणपत व त्याचा भाऊ नरहरी, आणि त्याच्या विहिरीत निम्मा हिस्सा.'
कोणाच्या, ते विचारलं नाही.
साहेब उठायला आले होते, मुद्रांकावर जागाही थोडी होती.
विहीर कधीच आटली.
तारखा चालू आहेत.

"दोन्ही अर्थ निघतात," मी म्हणालो.
"असं कसं? लिहिणाऱ्याच्या मनात तर एकच असंल ना?"
अझीम माझ्याकडेच बघत होता.

मी पेनाचं टोपण लावलं,
मग काढलं.

शिवलिंगनं कार्ड उलटं केलं,
मागं काही खुलासा असेल म्हणून.
मागची बाजू सगळ्या कार्डांची सारखीच असते.