सबरस

दिवाळीची रात्र सरत आलेली. सकाळी इथल्यांचं नवं वर्ष,
आमचा पाडवा.
दांडिया बाजारावरचा धूर अजून खाली बसलेला नाही
आणि मी एकेचाळिसाव्या पानावर.

तिथे एक शब्द आहे, 'स्पष्टच'.
माझ्याच हाताने लिहिलेला, मार्चमध्ये.
आठ महिने झाले,
त्या शब्दाखाली जमीन सापडत नाही.

प्रश्न लहान मुलाचा:
मीठ खडे का धरतं?
कणांनी कणांना ओढायचं, ढकलायचं,
एवढाच नियम. मग शेवटी
ते काटकोनातच का उभे राहतात,
शाळेच्या प्रार्थनेला राहावं तसे,
कोणी शिटी वाजवलेली नसताना?

एका मितीत सुटलंय. दोन मितींत, अटी घालून.
तिसरीत नाही.
आणि आपण राहतो तिसरीत.

भौतिकीतले पागे क्ष-किरणांचे फोटो दाखवतात:
ठिपके, ओळीने, रांगोळीच्या कागदासारखे.
"दिसतंय ना, बाई? आणखी काय हवं?"
मी म्हणते, झालं एवढंच यात दिसतं,
व्हायलाच हवं होतं का, ते फोटोत येत नाही.
ते हसतात. चहाचे पैसे तेच देतात.

प्रत्येक पान मी 'समजा'ने सुरू करते.
समजा, ऊर्जा किमान आहे.
समजा, कण अगणित.
गृहीत धरणं आणि उमगणं
आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधून ठेवलंय;
मी त्याच्या पहिल्या अर्थाकडून
दुसऱ्याकडे निघालेय, अकरा वर्षं, पायी.

साडेचारला पोळात हाक: "सबरस! ए सबरस!"
मीठ. वर्षाचा पहिला सौदा, शकुनाचा.
कोकिलाबेन गाउनवर ओढणी घेऊन खाली उतरल्या,
मागोमाग मी. दहाची नोट, कागदाची पुडी.
"साल मुबारक, माशी," पोरगा म्हणाला
आणि नाक पुसत पुढे गेला.

टेबलाच्या दिव्याखाली पुडी सोडली, भिंग धरलं.
घन. घन. एक मोडका,
तोही काटकोनात मोडलेला.
यांचं माझ्यावाचून काही अडलेलं नाही,
हे दरवर्षी नव्याने लागतं मला.
एक खडा जिभेवर ठेवला.
सगळी शिस्त विरघळली, खारट झाली.

मग 'स्पष्टच' खोडला.
कागद तिथे पातळ झालाय, पलीकडचं पान दिसतं.
हाक आता दुसऱ्या पोळात.

समजा, ही एक अट काढून टाकली