इतर

फॉर्मवर भिंतीसाठी चार चौकोन आहेत:
वीट, दगड, काँक्रीट, इतर.
सत्तावीस वर्षं मी 'इतर'वर खूण केली
की कर्जाची फाईल खालच्या कप्प्यात जायची
आणि मी चहा मागवायचो.

बावीस मे. हिंगण्याच्या पुढे,
लेआउटचे चुना फासलेले दगड संपतात तिथे
स्कूटर लावायला सावली नव्हती.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
अर्जदार: कुंदा सयाम, शिक्षिका.
एक खोली उभी. दुसरीसाठी कर्ज हवं.

भिंत कशाची?
बांबूचा कूड, म्हणाली, त्यावर तणस घालून तुडवलेली माती,
वरून चुना, बेलाच्या गरात मळलेला.
मी लिहिलं: इतर.
छत?
बांबूच्याच कैच्या. वर कवेलू, जुने, मोडीतून आणलेले.
इतर.
आणि खाली?
चुन्याचीच जमीन. जवसाचं तेल पाजलंय तिला, चार हात.
मी पेन टेकवायच्या आधी
तीच म्हणाली, इतर.

पडवीत पंचफुलाबाई बसली होती, बुरडीण,
पायाच्या अंगठ्यात कांब धरून
तिच्या सरळ पट्ट्या काढत.
मान वर न करता म्हणाली,
"याले कच्चं म्हणता ना जी तुमी?"

मग उठली. एका बांबूवर बोटाचं पेर वाजवलं.
"हा दीड वर्साचा. आयका."
ओल्या पाटीसारखा आवाज.
दुसऱ्यावर वाजवलं. "हा चार वर्साचा."
तो घुमला. कुठेतरी आत, लांबपर्यंत.
"हा पिकला. पिकला तो पक्का.
अंधाऱ्या पाखात तोडला, औषधाच्या पाण्यात बुडवला,
भुंग्याले आता गोड नाई लागत.
तुमचं सिमिट कधी पिकते जी?"

सिमेंट पिकत नाही, मी म्हणालो. सेट होतं.
अठ्ठावीस दिवसांत.
ऐकताना मलाच ते कमी वाटलं.

माझा फ्लॅट त्रिमूर्तीनगरात, वरचा मजला.
स्लॅब दिवसभर ऊन उसनं घेतो
आणि रात्री दोन वाजता परत करतो, व्याजासकट.
बायको गच्चीवर बादल्या ओतते.
गेल्या वर्षी वॉटरप्रूफिंगला सत्तर हजार गेले.
हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

आत बसलो. थंडगार वगैरे नव्हतं,
खोटं कशाला लिहू. घाम येत होता.
पण वाळतही होता.
बऱ्याच वेळानं कळलं, काय चुकतंय:
कूलरची घरघर नाही.
पाल चुकचुकली ती ऐकू आली.

मी शोधायचं ते शोधलं.
नैऋत्येच्या कोपऱ्यात वाळवीची एक बारीक वाट,
खिडकीखाली बोटभर भेग.
कुंदाबाईंनी लपवलं नाही.
"दर दोन वर्षांनी हात फिरवावा लागतो," म्हणाल्या,
"शाळेची मुलं येतात, चिखल खेळायला. मी नाही म्हणत नाही."

शेवटचा रकाना: इमारतीचं उर्वरित आयुष्य, वर्षांत.
पंचफुलाबाईनं हनुवटीनं मागचं कुंपण दाखवलं.
तिथे बांबूचं बेट, पुरुषभर वाढलेलं,
लूमध्ये पानं वाजवत.
"हे झिजन तवरी ते पिकन.
लिवा किती लिवायचे ते."

शेरा लिहायला दीड इंच जागा असते.
मी मागच्या कोऱ्या बाजूवर गेलो.
काय मंजूर होईल, माहीत नाही;
मुख्य कार्यालयातलं मशीन मागची बाजू वाचत नाही.
पण फाईल या वेळी वरच्या कप्प्यात ठेवली.

रात्री झोप नव्हतीच.
उठलो, आणि बेडरूमच्या भिंतीवर
बोटाचं पेर वाजवून पाहिलं.
काहीच घुमलं नाही.
पलीकडून शेजारी म्हणाले,
कोण आहे?