उभा दोष, आडवा दोष

मे महिना, दुपारचे दोन.
गोळीबार चौकातून फोन:
मॅडम, पत्रिका खराब निघून राहिल्या,
या ना, पार्टी बसून आहे.

तोंडाला स्कार्फ, पर्समध्ये कांदा.
त्याचा वास टोनरच्या बॅगेला लागलाय
चार उन्हाळ्यांपासून, जात नाही.

निखारे झेरॉक्स अँड कलर प्रिंट.
शटर अर्धं खाली, आत कूलर धडधडतोय,
नवरीचा मामा घड्याळाकडे बघत बसलाय.
कुंकवासारखा हवा तो लाल
जागोजागी उडालेला,
नवरीच्या नावाला कोड फुटल्यासारखं,
आणि कडेला एक निळा ठिपका, पुन्हा तोच, पुन्हा तोच.

"ड्रमच गेला असन," निखारे म्हणतात,
"तुम्ही लोक नेहमी ड्रमच सांगता."
मी काहीच सांगत नाही. पट्टी काढते.

बाबा तांडापेठेत मागावर बसायचे.
लुगडं मांडीवर पसरून, चष्मा कपाळावर चढवून:
दोष उभा असला तर ताण्यात शोध,
आडवा असला तर बाण्यात.
आणि मोजून तेवढ्याच अंतरावर परत आला
तर धाग्याला शिव्या देऊ नको, पोरी,
काहीतरी गोल फिरून राहिलंय,
त्याला जाऊन विचार.

ठिपक्यापासून ठिपका, पंचाहत्तर मिलिमीटर.
निळ्याचा ड्रम बाहेर काढला,
उजेड लागू नये म्हणून ओढणीखाली धरला,
जरासा वर करून पाहिलं:
मोहरीएवढा गोंद.
कुठल्या तरी स्टिकरचा, कुणाच्या तरी घाईचा.
पुसला. ठिपका गेला.

चट्टे राहिले.
त्यांना अंतर नाही, ताल नाही,
पट्टी लावून उपयोग नाही.

मग छपाई चालू केली
आणि मध्येच दार उघडलं.
मामा दचकला. "अहो, अडकंल ना!"
अडकू द्या. मला अर्ध्यातलंच पाहायचंय.
आत काळ्या पट्ट्यावर नवरीचं नाव,
उलटं, पण अख्खं,
एकही कानामात्रा सुटलेली नाही.
म्हणजे नाव नीट निघालंय घरून,
कागदावर उतरताना बिघडतंय.

कागद हातात घेतला.
गार.

बाहेर शेचाळीस डिग्री
आणि हा माठाखालच्या फडक्यासारखा गार?
मान वळवली. कूलरचं तोंड
थेट मशीनवर, खाली कागदाच्या ट्रेवर.
लाल म्हणजे किरमिजीवर पिवळा, दोन थर.
ओल धरलेल्या कागदावर
दोन थरांचं जमत नाही.

"मशीन तापते ना," निखारे जरा ओशाळून,
"चार लाखाची आहे. मीच फिरवला तिकडं."

कोपऱ्यात कटिंग करणारं पोरगं,
शर्ट पाठीला चिकटलेला.
मी कूलर ढकलला त्याच्याकडे.
चाकं गंजलेली, पाणी हिंदकळून चपलेवर आलं.
पोरगं काही बोललं नाही,
नुसती कॉलर मागे ओढली
आणि पुढची पत्रिका सरळ कापली.

बंद रिम फोडली. जाड कागदाची सेटिंग लावली.
पहिली प्रत मामानं उन्हात नेऊन पाहिली,
नावावरून अंगठा घासला,
अंगठा पाहिला. कोरडा.
"हाव, आता जमलं."

बिल पाचशे.
"पार्ट कोणता बदलला?"
कोणताच नाही.
"मंग पाचशे कायचे?"

बाबांचा शेठ एकेका डागाचे पैसे कापायचा,
लुगडं उजेडात धरून, बोटानं मोजून.
डाग कुठून येतो ते शोधल्याचे
त्यानं कधी दिले नाहीत,
बाबांनीही कधी मागितले नाहीत.

पट्टी मी बॅगेत टाकत नाही.
काउंटरवर आडवी ठेवते
आणि उभी राहते.