दहावा शब्द

माणसं मोजू नयेत, असं आमच्यात म्हणतात.
एक, दोन, तीन म्हणत बोट रोखू नये कुणावर.
म्हणून शिमशोनकाका दहा शब्दांचं एक वचन म्हणत
आणि शब्दागणिक एकेक पुरुष
नजरेनंच टिपून घेत.
वचन पुरलं की उपासना सुरू.
मी त्यात नव्हतेच. मी शब्बाथच्या वाती वळायचे.

शाहूपुरीत गुळाच्या वखारीवरची ती खोली,
हेच आमचं सिनेगॉग.
कपड्यांना ढेपांचा वास लागायचा, प्रार्थनेलाही.
चौकटीवरचा मेझुझा तीन पिढ्यांच्या बोटांनी गुळगुळीत.
त्या वर्षी त्याखाली चिठ्ठी आली,
एलिशेबाच्या शाळकरी अक्षरात: हात लावू नये.
तरी हात जायचाच,
निम्म्या वाटेवर अडायचा,
आणि माणसं स्वतःच्याच मास्कला बोटं टेकवून
पुढं सरकायची.

मग खोलीला कुलूप घातलं, गच्चीवर गेलो.
वखारीतल्या बापू पोवारांनी चुना दिला.
"गोल काढायचं न्हवं? रेशन दुकानाम्होरं मीच काढल्यात.
दोन हात सोडा मधी."
मी दहा काढले.
रांगोळीचा हात माझा,
एकही गोल सरकारी वाटेना.

खाली महापालिकेची रिक्षा रोज आकडे ओरडत जायची.
आज इतके. काल तितके. बरे होऊन घरी इतके.
आशाताई वही घेऊन जिन्यात आल्या,
"वर किती माणसं जमता?"
शिमशोनकाका आभाळाकडं बघत राहिले.
ताईंनी आपल्या मनानं नऊ लिहिले.
बरोबर होते.

दहावे हनोखकाका. मिरजेचे.
दवाखान्यात चाळीस वर्षं लोकांच्या छातीचे फोटो काढलेले,
शेवटचा शब्द नेहमी त्यांच्याच वाट्याला यायचा: ओलाम.
अंकलीच्या पुलावर पोलीस, एसटी बंद,
आणि दहाव्याशिवाय कितीतरी प्रार्थना
ओठांत आल्या तरी म्हणता येत नाहीत.

एका शुक्रवारी ते आले. दुधाच्या टँकरमधून,
ड्रायव्हरशेजारी, मांडीवर टिफिन धरून.
तोवर आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले होते.
ते बांबूपलीकडं उभे राहिले.
कठड्यावरून वाकून शिमशोनकाकांनी विचारलं,
"दिसतोय का मी?"
"दिसतोस की. जाड झालायस."
नजर पोचते तिथवर माणूस आपल्यातला,
असं म्हणून काकांनी शेवटचा शब्द
दोन मजले खाली सोडला.

आमेन खालून यायचा,
दोन पदरी कापडातून, उशिरा,
आमचा संपल्यावर.
मलिद्याचं एकच ताट नव्हतं त्या दिवशी.
पोहे, खोबरं, वेलदोडा, केळ्याचे काप,
ज्याची त्याची पुडी.
एक पुडी दोरीला बांधून खाली सोडली.
बांबूजवळ बापू पोवार उभे,
त्यांनी ती बॅट फिरवून पलीकडं ढकलली
आणि विचारलं, "झालं का देवाचं?"

भाद्रपदात पेपरात सांगली जिल्ह्याचा आकडा आला.
सदतीस.
सदतिसातला एक मला तोंडपाठ होता:
टिफिन, दम्याचा खोकला,
हिब्रू वाचताना मधेच येणारा मिरजेचा हेल.
उरलेले छत्तीस कुणाकुणाचे कोणते शब्द होते?

पुढच्या शब्बाथला गच्चीवर
नऊ गोल पायांनी पुसट झालेले,
दहावा कोरा, ठसठशीत,
त्यात कुणी उभंच राहिलं नव्हतं.
काकांनी वचन धरलं. नऊ शब्द झाले.
थांबले. सवयीनं कठड्यापाशी गेले, वाकले.
खाली बांबू सोडून ठेवलेले, एक कुत्रं.

ओलाम म्हणजे जग.
ओलाम म्हणजे कायमचं.
त्या वर्षी दोन्ही अर्थ जरा अवघड झाले होते.

मी टाकीजवळ उभी होते, बायकांच्या बाजूला.
तो शब्द मी म्हटला.
फार मोठ्यानं नाही,
पण मास्कमधूनही ऐकू जाईल इतका.
शिमशोनकाका वळले.
कुणाला मोजलं, कुणाला नाही,
ते काही बोलले नाहीत.
चष्म्यावर वाफ धरली होती, ती पुसली,
आणि पान उलटलं.