तांदळाची पिशवी

रात्रीचे पावणेतीन. मानखुर्द, सातवा मजला.
उजव्या मांडीत कुणीतरी
ओला दोर पिळतंय.

गोळी घेऊन झाली. तिला यायला वेळ आहे.
तोवर तव्यावर तांदूळ. रेशनचा, न निवडलेला,
ह्या कामाला चालतो.
जुन्या मोज्यात भरते, गाठ मारते, मांडीवर ठेवते.
बर्फ नाही. बर्फ कधीच नाही.
लोबोबाईंनी वहीत लिहून दिलंय, खाली दोन रेघा.
बाकी सगळं जग बर्फ लावा म्हणतं,
मेडिकलवालासुद्धा.

पाणी रोज तीन लिटर.
पंप बिघडला की टँकर, सात मजले, दोन कळश्या;
दुखू नये म्हणून जे प्यायचं
ते आणतानाच दुखतं.
हे सांगितलं तेव्हा लोबोबाई लिहायच्या थांबल्या.
मग म्हणाल्या, शेजारी कोण आहे?

शेजारी हमीदाबी आहेत.
त्यांना वाटतं माझ्या रक्तात खरेखुरे विळे आहेत
आणि ते गवत शोधत फिरतात.
मी दुरुस्त करत नाही.
त्यांचा नातू कळश्या आणतो,
मी त्याचे अपूर्णांक बघते.

श्वास: चार आत, सहा बाहेर.
मराठीत मोजलं की मन ऑफिसात जातं,
रजा किती उरली, एसीखाली कोण बसणार.
म्हणून पावरीत मोजते.
दवाखान्यात विचारतात, दहापैकी किती?
धडगावला आई विचारायची, कुठे बसलंय?
जसं काही त्याला पाट द्यायचाय.

आज गुडघ्यापर्यंत.
छातीत बसलं, ताप चढला, तर मोजत राहायचं नाही:
भिंतीवर तीन ठोके, खाली रिक्षा. ठरलंय.

मोजा निवला. पुन्हा तवा.
भाजक्या तांदळाचा वास पलीकडे गेला असणार.
"इतक्या रात्री काय शिजवतेस गं?"
"दुखणं."
थोडा वेळ काही नाही. मग चपला, मग कडी.

"सरक," म्हणतात, आणि माझा पाय
स्वतःच्या मांडीवर घेतात. तेल नाही, नुसता हात.
दाबायचं नाही हे त्यांना ठाऊक आहे.
आणि सुरू करतात सुनेच्या माहेरचं भांडण,
कुणी कुणाच्या कुकरची शिट्टी पळवली,
कोण कोर्टात जायला निघालं.
माझं मोजणं कुठेतरी एकोणिसाव्या श्वासावर सुटतं.

साडेचारला नळ खोकतो.
हमीदाबी उठतात, गुडघे धरून, बादली शोधत.
शिट्टी सापडली का, मी विचारते.
"ते पुढच्या वेळेला."