तिसरा ओरखडा

ऑक्टोबर. शेवटची बस पर्यटकांना घेऊन
ओल्बियाच्या धक्क्याकडे उतरून गेली.
दुकानाचं दार अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात
त्सिया पास्का आली, एप्रनच्या टोकात काहीतरी धरून.
"बारोरेचा चाकू. खरा आहे का, सांग.
नातू विकायचं म्हणतोय."

मी दिव्याखाली धरला.
पातं उघडताना आवाज झाला, पण जरा पोकळ,
रिकाम्या घरात कडी वाजावी तसा.
पात्यावर आमच्या गावाचं नाव,
शेवटचं अक्षर किंचित घसरलेलं.

सुई तापवली, मुठीच्या पोटाशी टेकवली.
एडक्याच्या शिंगाला जळक्या केसांचा वास येतो
(लहानपणी माझ्या वेणीलाही तोच यायचा).
आला. शिंग खरं.
पातं मात्र

पात्यांबद्दल या गावात सगळे मोठ्याने बोलतात.
खोकी रात्रीची येतात म्हणे, बंदरातून.
कुणी चीन म्हणतं, कुणी पाकिस्तान,
आणि तिथेही कुठल्यातरी गल्लीत
कुणीतरी कुणाच्यातरी नावाने बोटं मोडत असणारच.
समोरच्या गोंतारियोने तर काचेवर पाटी लावलीय:
इथे फक्त इथलंच.
त्याच्या गल्ल्यामागचा पडदा मी पाहिलाय.
पडद्यामागचं नाही.

रिवेट ठोकून काढली. मूठ दोन फाकांत उघडली.
आत, जिथे गिऱ्हाईक कधी पाहत नाही,
कानशीचे तीन ओरखडे. तिसरा तिरका.

वडिलांच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं.
तिसरा नेहमी तिरका जायचा.

आणि पात्याच्या शेपटाला, खिळ्याने कोरलेला,
एक आकडा. मला न येणाऱ्या लिपीत
की नुसताच घाईत, सांगता येत नाही.
कुणीतरी मोजली होती ही पाती:
दिवेलागणीपर्यंत इतकी, तर पैसे इतके.
त्याच्याही अंगठ्याचं काय झालं असेल
कोण जाणे.

मला तो हिवाळा आठवला.
मेंढ्यांच्या जिभा निळ्या पडल्या, कळपच्या कळप गेले,
मेंढपाळच नाहीत तर चाकू कोण घेणार?
भट्टी पाच महिने थंड होती.
तरी रोज टेबलावर सूप होतं, रविवारी त्यात मांस.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
सुपाचंही विचारू नये,
हे आम्हा भावंडांना कुणी शिकवलं नव्हतं,
येत होतं.

मूठ पुन्हा जोडली. रिवेट बसवली.
दगडावर तेल टाकून धार लावली, गरज नव्हती तरी.
पातं झिजून वेताच्या पानासारखं झालेलं,
तीस वर्षं चीज, पाव, सशाचं कातडं,
एकदा म्हणे एका कोकराची नाळ.

"खरा आहे," मी म्हणाले, दगडाकडे बघत.

त्सिया पास्का हसली नाही.
"कुठला ते मला ठाऊक आहे, पोरी.
बारोरेने निम्म्या भावात घेतला होता.
बाकीझिओने देताना मान वर केली नाही,
यानेही विचारलं नाही.
घरी येऊन म्हणाला, आज बाकीझिओला बोलू नकोस काही.
मला फक्त बघायचं होतं,
तुला ठाऊक आहे का."

बाहेर गोंतारियोने शटर ओढलं.
त्या आवाजात मला बोलायचं राहून गेलं.

चाकू तिने माझ्याकडे सरकवला. "तूच ठेव.
नातवाला सांगेन, हरवला."

चाकू फुकट घेतला तर मैत्री कापली जाते.
गल्ल्यात हात घातला, एक नाणं निघालं,
तिच्या तळव्यावर ठेवलं.

तिने ते दिव्याखाली धरलं,
आधी एक बाजू पाहिली, मग दुसरी,
आणि एप्रनच्या खिशात टाकलं.